अर्धशिशीची गोळी: किती 'पॉवर' पुरे?

अर्धशिशीने बेजार झालेला माणूस मेडिकलच्या काउंटरवर हमखास विचारतो, "यापेक्षा जास्त पॉवरची आहे का?" पाकिटावर ५० ऐवजी १०० लिहिलेलं असलं की दुप्पट आराम पडणार, असा त्यामागचा हिशेब. मायग्रेनच्या औषधांत हा हिशेब बघता बघता कोलमडतो. एका मात्रेनंतर गुण वाढायचा थांबतो, दुष्परिणाम मात्र वाढतच राहतात.

टोपिरामेटचंच घ्या. मूळचं हे फिट्सवरचं औषध. मायग्रेनचा अ‍ॅटॅक वारंवार येऊ नये म्हणून ते रोज घ्यायला देतात. २००४ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्णांचे चार गट होते: ५०, १०० आणि २०० मिलिग्रॅमवाले, आणि चौथा नुसत्या बिनऔषधाच्या गोळीवर. महिन्यातले अ‍ॅटॅक निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले असे रुग्ण ५० मिलिग्रॅमच्या गटात ३९ टक्के निघाले, १०० च्या गटात ४९ आणि २०० च्या गटात ४७. बिनऔषधाच्या गोळीवरही २३ टक्के लोकांना तेवढाच गुण आला, हेही ध्यानात ठेवण्यासारखं. शंभराचे दोनशे करून हाती जास्तीचं काहीच लागलं नाही.

याच औषधाने बोटांना मुंग्या येतात, भूक मरते, आणि सोडा किंवा कोल्ड्रिंक चक्क बेचव लागतं. कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं शरीरातलं एक विकर (एन्झाइम) टोपिरामेटमुळे मंदावतं आणि सोड्याच्या बुडबुड्यांची झिणझिणी जिभेला कळायला नेमकं तेच विकर लागतं. ही गंमत म्हणून सोडून देता येते. ऐन बोलताना शब्द न सुचणं मात्र गमतीचं नाही. वर्गात शिकवणाऱ्या बाईंना फळ्यासमोर नेहमीचा शब्द आठवेनासा झाला, तर महिन्याला दोन अ‍ॅटॅक कमी झाल्याचं समाधान त्यांना किती दिवस पुरेल? म्हणूनच डॉक्टर २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि साधारण आठवड्याला २५ ने मात्रा चढवतात. गर्भाला या औषधाचा धोका असल्यामुळे दिवस जाण्याची शक्यता असेल तर ते आधीच सांगायला हवं.

अ‍ॅटॅक आल्यावर घ्यायच्या गोळ्यांतही हेच दिसतं. सुमाट्रिप्टानच्या चाचण्यांत २५ पेक्षा ५० मिलिग्रॅम सरस ठरलं. ५० आणि १०० मध्ये मात्र दोन तासांनंतरच्या आरामात फारसा फरक दिसला नाही. त्रास १०० ला जास्त. छाती-मान आवळल्यासारखी वाटणं, अंग जड होणं हे या गोळ्यांचे ओळखीचे दुष्परिणाम. बहुतेक वेळा त्याचा हृदयाशी संबंध नसतो. तरीही या औषधाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे हृदयविकार असलेल्यांना ते देत नाहीत. छातीत दुखलं तर आपल्या मनाने निदान करत बसू नये.

मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची, असं माझं मत. "पित्त झालं असेल, बघू" म्हणत दोन तास काढले की अ‍ॅटॅक पुढच्या टप्प्यात जातो: केसांतून कंगवा फिरवला तरी दुखतं, चष्म्याची काडी टोचते. चेतासंस्था इतकी हळवी झाल्यावर ट्रिप्टान गोळ्यांचा (म्हणजे सुमाट्रिप्टान आणि त्याच्या जातीच्या गोळ्यांचा) प्रभाव कमी पडतो. त्यात अ‍ॅटॅकमध्ये जठराचं कामही मंदावतं आणि गोळी पोटातच रेंगाळते. अशा वेळी पॉवर वाढवण्यापेक्षा गोळी लवकर घेणं किंवा सोबत उलटीचं औषध घेणं जास्त उपयोगी पडतं. अर्थात, लवकर घ्या म्हणजे रोज घ्या असं नव्हे. महिन्यात दहा किंवा अधिक दिवस ट्रिप्टान, किंवा पंधरा किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामकं असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

कधी कधी पाकिटावरचा आकडा तोच राहतो आणि रक्तातली मात्रा मात्र वाढते. प्रोप्रॅनोलॉल हे प्रतिबंधासाठी सर्रास दिलं जाणारं औषध. ते चालू असताना रिझाट्रिप्टान ही ट्रिप्टान गटातली गोळी घेतली तर रिझाट्रिप्टानची रक्तातली पातळी सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. म्हणून तिथे १० ऐवजी ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. एक औषध फॅमिली डॉक्टरचं आणि दुसरं न्यूरॉलॉजिस्टचं असेल, तर दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरसमोर ठेवलेल्या बऱ्या.

आपल्याकडे प्रोप्रॅनोलॉल आणि फ्लुनारिझिन हे प्रतिबंधाचंच दुसरं औषध एकाच गोळीत मिळतात, ते मला फारसं पटत नाही. फ्लुनारिझिनने झोप येते, वजन वाढतं, काहींचं मन उदास होतं. वयस्क माणसांत तर हातांना कंप सुटू शकतो. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला चालत नाही, शिवाय त्याने नाडी मंदावते. यातलं एक सोसवत नसेल आणि दुसरं लागू पडत असेल, तर जोडगोळीत एकाचीच मात्रा कमी करता येत नाही. दोन्ही औषधं सुटी लिहून देता येतील का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. प्रोप्रॅनोलॉल आपल्या मनाने एकदम बंद मात्र करू नये. ते हळूहळू उतरवावं लागतं.