बक्षिसातून मुलाला नेमकं काय ऐकू येतं?

शाळेचा एकही दिवस न बुडवणाऱ्या मुलांना प्रशस्तिपत्र द्यावं, म्हणजे ती पुढेही नियमित येतील, हा विचार इतका सरळ वाटतो की तो तपासून पाहावा असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात काही संशोधकांनी तो तपासला. सहावी ते बारावीच्या १५,३२९ विद्यार्थ्यांचे त्यांनी कसलीही निवड न करता, केवळ योगायोगावर सोडून गट पाडले. एका गटाच्या घरी पत्र गेलं: येत्या फेब्रुवारीत एकही दिवस गैरहजर राहिला नाहीत, तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला थेट प्रशस्तिपत्रच पाठवलं: आधीच्या सत्रातल्या एका महिन्यात तुमची हजेरी पूर्ण होती, त्याबद्दल अभिनंदन. तिसऱ्या गटाला काहीच पाठवलं नाही.

पहिल्या गटाच्या हजेरीत सरासरी पाहता फेब्रुवारीत काही सुधारणा झाली नाही, आणि बक्षिसाचा महिना संपल्यावर ती उलट घटली. दुसऱ्या गटाचा निकाल आणखी चकित करणारा होता. ज्यांना अचानक, कसलीही अट न घालता शाबासकी मिळाली होती, ती मुलं पुढच्या महिन्यात काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा जास्त दिवस गैरहजर राहिली. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा चालवणाऱ्यांचा आणि खुद्द संशोधकांचाही अंदाज याच्या नेमका उलटा होता.

असं का व्हावं, याचा शोध घेण्यासाठी त्यांनी पुढे प्रश्नावल्यांच्या आधारे आणखी प्रयोग केले. त्यातून पुढे आलेलं स्पष्टीकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. पूर्ण हजेरीबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं की वाचणाऱ्याची दोन अनुमानं होतात. एक, बाकीचे माझ्याइतके नियमित येत नसणार, नाहीतर माझं वेगळं कौतुक कशाला? दुसरं, शाळेची माझ्याकडून एवढी अपेक्षाही नव्हती, म्हणजे एखादा दिवस बुडला तरी चालण्यासारखं आहे. शाळेला म्हणायचं होतं ‘छान, असंच चालू ठेव.’ मुलापर्यंत पोहोचलं ते ‘तू गरजेपेक्षा जास्तच करतो आहेस.’

प्रशस्तिपत्रावर छापलेला मजकूर एक असतो आणि मुलानं वाचलेला दुसरा. शालेय बक्षिसांवर गेल्या पन्नास वर्षांत जे संशोधन झालं, त्यातले वरवर परस्परविरोधी दिसणारे निष्कर्ष या एका गोष्टीच्या आधारे बरेचसे जुळतात.

या संशोधनातला सर्वांत गाजलेला प्रयोग १९७३ चा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, मुळातच चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र पूर्ण झाल्यावर, न सांगता दिलं. उरलेल्यांना काही दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं पुन्हा ठेवली आणि मोकळ्या वेळात कोण काय करतं हे लपून टिपलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता चित्रांवर इतर दोन्ही गटांच्या जवळपास निम्माच वेळ देत होती. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र शाबूत होती. प्रशस्तिपत्र दोन्ही गटांना एकच मिळालं होतं. फरक होता तो बोलीचा. ‘अमुक केलंस तर तमुक देईन’ हे ऐकलं, की मूल आपल्याच कृतीचा अर्थ नव्यानं लावतं: मी हे आवडीनं करत नव्हतो, बक्षिसासाठी करत होतो. बक्षीस बंद झालं की कारणही संपलं.

त्याआधी दोन वर्षं एडवर्ड डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला देऊन हेच पाहिलं होतं. सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळालेले विद्यार्थी, पैसे थांबल्यावर मधल्या सुट्टीत कोड्यांना पूर्वीइतका हात लावेनात. ज्यांना पैशाऐवजी नुसतं ‘छान जमलं’ असं सांगितलं होतं, त्यांची गोडी टिकून राहिली. पुढे १९९९ मध्ये डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १२८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मुळात आवडणाऱ्या कामावर आधी कबूल केलेलं, हातात पडणारं बक्षीस आवड कमी करतं, आणि तोंडी कौतुक ती वाढवतं, असं त्यातून दिसलं. तोंडी कौतुकाचा हा फायदा लहान मुलांपेक्षा महाविद्यालयीन वयात जास्त ठळक होता. कौतुकात हुकमाचा सूर आला, ‘अपेक्षेप्रमाणे केलंस’ अशा थाटाचा, की तो फायदाही ओसरतो. या आढाव्यावर इतर अभ्यासकांशी बरेच वाद झाले, आणि एक मर्यादा तर सगळ्यांनाच मान्य आहे: जे काम मुळातच कंटाळवाणं आहे, त्याची आवड बक्षिसामुळे मरण्याचा प्रश्न येत नाही. पाढे घोकण्यासाठी चांदणी दिली तर काही बिघडत नाही. गोष्टीची पुस्तकं झपाटल्यासारखी वाचणाऱ्या मुलाला पुस्तकामागे गुण द्यायला लागताना मात्र दहा वेळा विचार करावा.

पैशांचा प्रयोगही झाला, तोही मोठ्या प्रमाणावर. अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या २०० हून अधिक शाळांत मुलांना रोख रक्कम देऊन पाहिली. डॅलसमध्ये एक पुस्तक वाचल्याबद्दल दोन डॉलर, न्यूयॉर्कमध्ये चाचणीतल्या कामगिरीबद्दल, शिकागोत वर्गातल्या श्रेणीबद्दल. २०११ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की तिन्ही ठिकाणी मुलांच्या एकूण शैक्षणिक प्रगतीवर परिणाम शून्याच्या आसपासच राहिला. याचं एक कारण सहज पटण्यासारखं आहे. ‘गुण वाढवलेस तर पैसे’ असं सांगितल्यानं गुण कसे वाढवायचे हे मुलाला कळत नाही.

मग साधं, स्वस्त पदक किंवा छोटा करंडक निरुपयोगीच का? तसंही नाही. शिकागो परिसरातल्या ७,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात चाचणी सुरू होण्याच्या अगदी आधी बक्षीस जाहीर केलं गेलं. लहान मुलांच्या बाबतीत काही डॉलरचा करंडक चांगलाच उपयोगी पडला. मोठ्या मुलांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. पण हेच बक्षीस महिनाभरानं मिळेल असं सांगितलं, तेव्हा त्याचा सगळा जोर ओसरला, मग तो करंडक असो वा पैसे. वर्षभराच्या कामाचं बक्षीस वर्षाअखेरीच्या समारंभात देण्याची आपली पद्धत या निष्कर्षापुढे तपासून पाहिली पाहिजे. जूनमध्ये सोडवलेल्या गणिताची पोच फेब्रुवारीत मिळाली, तर मुलाला ती त्या गणिताशी जोडता येत नाही. ती त्याला आपल्या हुशारीची पावती वाटते.

आणि हुशारीची पावती ही वाटते तितकी निरुपद्रवी गोष्ट नाही. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना आकृत्यांची कोडी दिली. पहिल्या सोप्या फेरीनंतर काहींना म्हटलं ‘तू हुशार दिसतोस’, काहींना म्हटलं ‘तू मेहनत घेतलेली दिसते.’ मग मुद्दाम अवघड फेरी दिली, आणि शेवटी पहिल्याइतकीच सोपी. हुशारीचं कौतुक झालेल्यांची कामगिरी शेवटच्या फेरीत घसरली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. त्याहून अस्वस्थ करणारी बाब पुढे आहे. अनोळखी मुलांना आपले गुण लिहून कळवा असं सांगितल्यावर हुशार म्हटलेल्या दहांतल्या जवळपास चौघांनी गुण वाढवून सांगितले. इतर मुलांत हे प्रमाण दहांतल्या एक-दीडपर्यंतच होतं. नंतरच्या काही संशोधकांना इतका मोठा फरक आढळला नाही, त्यामुळे आकड्यांवर अडून बसण्यात अर्थ नाही. पण ज्याला ‘हुशार’ ही ओळख सांभाळायची आहे त्याला चूक परवडत नाही, हे कुठल्याही वर्गशिक्षकाला अनुभवानं माहीत असतं.

कौतुक पातळ होईल या भीतीनं ते फुगवायचं, हाही मार्ग धोक्याचा आहे. एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये मुलांना व्हॅन गॉगच्या जंगली गुलाबांच्या चित्राची नक्कल करायला दिली. काहींना ‘सुंदर चित्र आहे’ अशी चिठ्ठी मिळाली, काहींना ‘विलक्षण सुंदर चित्र आहे’ अशी. त्यानंतर सोपं किंवा अवघड चित्र निवडायची मुभा दिली. ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी होता, तीच मुलं ‘विलक्षण’ ऐकल्यावर सोप्याकडे वळली. एवढी उंच अपेक्षा पुन्हा गाठता येणार नाही, असं त्यांनी ऐकलं असावं. मोठी माणसं नेमकं अशाच मुलांचं कौतुक जास्त फुगवून करतात, हेही याच संशोधकांना दिसलं. त्यामागचं प्रेम खरं असतं, म्हणूनच हे सांगितलं पाहिजे.

मेंदूविज्ञानातला एक शोध इथे विचारात घेण्यासारखा आहे. वुल्फ्रॅम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे संदेशवाहक रसायन वापरणाऱ्या पेशींच्या हालचालींची नोंद घेतली. रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी जोरात सक्रिय होत. ठरावीक खुणेनंतर रस मिळतोच, हे कळल्यावर त्या खुणेलाच सक्रिय होत, रस मिळाल्यावर नाही. आणि खूण दिसूनही रस आला नाही, तर त्यांची क्रिया नेहमीपेक्षा खाली जाई. म्हणजे या पेशी बक्षिसापेक्षा अपेक्षा आणि वास्तव यांतली तफावत मोजत होत्या. माकडाच्या रसावरून थेट शाळेच्या समारंभापर्यंत उडी मारणं योग्य नाही. तरीही दरवर्षी पहिल्या येणाऱ्या मुलीचा विचार करताना मला हे आठवतं. तिला बक्षीस मिळण्यात नवं काही उरलेलं नसतं, आणि एका वर्षी दुसरा नंबर आला की तो पराभव होऊन बसतो.

आता मंचाकडे वळू. कारण बक्षीस बहुतेक वेळा चारचौघांत दिलं जातं, आणि ते चारचौघंही त्यातून काही ऐकत असतात. लिओनार्डो बुर्स्टिन आणि रॉबर्ट जेन्सन यांनी अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांतल्या, संगणकावर चालणाऱ्या अभ्यासक्रमांत घडलेला बदल अभ्यासला. तिथे अचानक गुणवंतांची यादी दिसू लागली: वर्गात, शाळेत आणि एकूणात पहिले तीन कोण. कामगिरी २४ टक्क्यांनी घसरली. घसरण मुख्यतः आधी चांगलं करणाऱ्यांची होती. यादीत आपलं नाव झळकू नये म्हणून ती मुलं मागे राहिली. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांनी अकरावीच्या मुलांना महाविद्यालय प्रवेशपरीक्षेची तयारी मोफत करून देऊ केली. वर्गमित्रांना कळेल असं सांगितल्यावर साधारण तुकड्यांत नाव नोंदवणारे घटले, प्रगत तुकड्यांत तसं झालं नाही. दोन्हीकडे बसणाऱ्या मुलांची उत्तरं तर शेजारी कोण बसलं आहे त्यावर फिरत होती. किशोरवयात मित्रांमधली जागा सांभाळण्यापुढे शाळेचा करंडक फार लहान असतो. ‘मुलांना महत्त्वाकांक्षाच नाही’ म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या शिक्षकांनी हा अभ्यास जरूर लक्षात ठेवावा.

क्रमांकाची छाया लांब पडते. इंग्लंडमधल्या २० लाखांहून जास्त विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून रिचर्ड मर्फी आणि फेलिक्स वाइनहार्ट यांनी दाखवलं, की प्राथमिक शाळेत सारखेच गुण असलेल्या दोन मुलांपैकी ज्याचा आपल्या वर्गात वरचा क्रमांक होता, तो माध्यमिक शाळेत, नव्या वर्गमित्रांत गेल्यावरही पुढे राहिला. मुलग्यांत हा परिणाम अधिक होता. क्षमता तीच, फक्त आजूबाजूची मुलं निराळी. म्हणजे क्रमांक मुलाच्या अभ्यासाइतकंच त्याच्या शेजाऱ्यांबद्दल सांगतो, पण मूल तो स्वतःबद्दलचा निकाल म्हणून वाचतं.

म्हणूनच क्रमांकाची बक्षिसं सर्वांत कमी माहिती देतात असं माझं मत आहे. ‘इयत्ता सातवी, प्रथम क्रमांक’ यातून त्या मुलीनं काय केलं हे तिलाही कळत नाही, आणि खाली बसलेल्यांना काय करता येईल हेही नाही. त्याऐवजी ‘अपूर्णांकांत तीनदा अडूनही स्वतःची रीत शोधून वर्गाला समजावून सांगितल्याबद्दल’ असं लिहिलं, तर तेवढाच कागद पुष्कळ काही सांगतो: तुझं काम कुणीतरी नीट पाहिलं आहे, त्यात नेमकं काय चांगलं होतं, आणि ते पुन्हा करणं तुझ्या हातात आहे. असं लिहायला शिक्षकाला त्या मुलीची वही खरोखर पाहावी लागते. चाळीस मुलांच्या वर्गात ते वर्षाअखेरीला एकदम जमणार नाही, जेव्हाचं तेव्हाच लिहून द्यावं लागेल. करंडकांच्या त्या शिकागोच्या अभ्यासानंतर तसंही तेच शहाणपणाचं ठरतं. हजेरीसारख्या जी अपेक्षा सगळ्यांकडूनच आहे, त्या गोष्टींना बक्षिसांच्या यादीतून काढून टाकलं तर थोडा वेळ वाचेलही. आणि वरच्या वर्गातल्या मुलांना प्रशस्तिपत्र सगळ्यांसमोर हवं की वर्ग सुटल्यावर एकट्यानं, हे आधी विचारून घ्यावं. विचारायला अर्धं मिनिट पुरतं.