परदेशी भागीदार घेताना: पुण्यातल्या छोट्या कारखानदारासाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

भोसरी, चिंचवड, चाकण भागातले कारखानदार मला नेहमी एकच प्रश्न विचारतात. इटलीची किंवा जपानची एखादी कंपनी आपल्यात पैसे घालायला तयार आहे, तर अर्ज कुठे करायचा? कुठेतरी एकच खिडकी असेल, तिथे फाईल दिली की काम झालं, अशी बहुतेकांची समजूत असते.

ती खिडकी काही प्रमाणात आहेही. राज्य सरकारचा 'मैत्री' हा कक्ष गुंतवणूकदाराला परवानग्या मिळवून देण्यात मदत करतो आणि 2023 च्या कायद्याने त्याला अधिकारही दिले आहेत. केंद्राच्या बाजूने 'इन्व्हेस्ट इंडिया' ही गुंतवणूकदारांना मदत करणारी संस्था आहे. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींची जमीन एमआयडीसीची, आणि लहान उद्योगांसाठी जिल्हा उद्योग केंद्र आहे. पण परदेशातून येणाऱ्या पैशाचा हिशोब यांपैकी कोणीही ठेवत नाही. तो रिझर्व्ह बँकेकडे जातो, तोही तुमच्या बँकेमार्फत. लहान कारखानदार अडकतात ते बहुतेक वेळा इथेच, म्हणून या भागावर मी जास्त लिहिणार आहे.

आधी पात्रता. बहुतेक कारखानदारी उत्पादनात 100 टक्के परदेशी भांडवल 'ऑटोमॅटिक' मार्गाने येऊ शकतं, म्हणजे सरकारची आगाऊ परवानगी लागत नाही. लॉटरी, जुगार, चिट फंड, जमिनीच्या खरेदी-विक्रीचा धंदा, सिगारेट उत्पादन अशी काही क्षेत्रं मात्र पूर्ण बंद आहेत. दुसरी गाळणी देशाची. केंद्र सरकारच्या 17 एप्रिल 2020 च्या प्रेस नोट 3 ने भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली, आणि त्यात अंतिम लाभार्थी कोण हेही पाहिलं जातं. पैसे सिंगापूरहून येणार असले तरी कंपनीचा खरा मालक कुठला आहे, हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्या. या नियमाची आजची स्थितीही बँकेकडून तपासा.

नवी कंपनी काढणार असाल तर खासगी मर्यादित कंपनीला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. त्यातला एक संचालक आर्थिक वर्षात किमान 182 दिवस भारतात राहिलेला हवा. बहुतेक ठिकाणी तो तुम्हीच असता. किमान भांडवलाची अट 2015 पासून नाही. नोंदणी स्पाइस प्लस या कंपनी नोंदणीच्या अर्जाने ऑनलाइन होते. अर्जाची छाननी मानेसरच्या केंद्रात होते, त्यामुळे आकुर्डीच्या कंपनी निबंधक कार्यालयात यासाठी चकरा मारण्याची गरज नाही.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ परदेशी बाजूचे कागद खातात. परदेशी कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, भारतात गुंतवणूक करण्याचा आणि कोणाला तरी सहीचा अधिकार देण्याचा संचालक मंडळाचा ठराव, परदेशी संचालकाचा पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा, हे सगळं त्यांच्या देशात नोटरी करून त्यावर अपॉस्टिलचा, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा यासाठीचा सरकारी शिक्का घ्यावा लागतो. तो देश अपॉस्टिल करारात नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकन. कागद इटालियन किंवा जपानी भाषेत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडायचं. ठरावातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. मधलं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत, आणि मग ते शिक्के पुन्हा घेण्यात महिना जातो.

आता पैशाकडे वळू. पैसे आल्याच्या तारखेपासून 60 दिवसांच्या आत शेअर वाटप झालं पाहिजे. नाही झालं तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत करायचे. वाटप झाल्यावर 30 दिवसांच्या आत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर हा, परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याची माहिती देणारा अर्ज भरायचा. त्याला परदेशी रक्कम आल्याचा बँकेचा दाखला, पाठवणाऱ्या बँकेचा केवायसी अहवाल, शेअरच्या किमतीचं मूल्यांकन प्रमाणपत्र, कंपनी सचिवाचं प्रमाणपत्र आणि वाटपाचा ठराव जोडावा लागतो. मूल्यांकन सीए किंवा सेबी नोंदणीकृत मर्चंट बँकरकडून घ्यायचं, ते 90 दिवसांपेक्षा जुनं चालत नाही, आणि परदेशी भागीदाराला त्या किमतीपेक्षा स्वस्तात शेअर देता येत नाहीत. 'आपला जुना मित्र आहे, दर्शनी किमतीला देऊ' हे इथे चालत नाही.

एका उद्योजकाची फाईल अजून डोळ्यांसमोर आहे. करार परदेशी कंपनीशी झाला होता, पैसे मात्र तिच्या मालकाने घाईत स्वतःच्या खात्यातून पाठवले. पाठवणारा एक आणि शेअर घेणारा दुसरा. खुलासे, पत्रं, नवे केवायसी, यातच 60 दिवसांची मुदत संपत आली. माणूस प्रामाणिक होता, पैसेही चोख होते, तरी त्याला रात्र रात्र झोप लागत नव्हती. म्हणून माझा आग्रह आहे की पैसे यायच्या आधी तुमच्या बँकेच्या परकीय चलन विभागात जाऊन बसा. कोणत्या खात्यातून, कोणत्या नावाने, कोणत्या कारणासाठी रक्कम येणार, हे त्यांना लेखी द्या.

वाटप मुदतीत होऊन फक्त अर्ज उशिरा गेला, तर विलंब शुल्क भरून विषय मिटतो. 7,500 रुपये, अधिक रकमेच्या 0.025 टक्के गुणिले उशिराची वर्षं असं त्याचं सूत्र आहे. 1 कोटीवर 6 महिने उशीर झाला तर 8,750 रुपये. रक्कम छोटी आहे. पण 60 दिवसांची मुदत मोडली तर ते उल्लंघन ठरतं आणि कंपाउंडिंगसाठी, म्हणजे चूक मान्य करून रक्कम भरून प्रकरण मिटवण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे जावं लागतं.

जागेबद्दल दोन गोष्टी. तुमची भोसरीतली शेड एमआयडीसीच्या भूखंडावर असेल आणि त्याच कंपनीत परदेशी भागीदार येऊन मालकीचा ताबा बदलत असेल, तर एमआयडीसी त्याला हस्तांतरण मानू शकते. त्याची परवानगी आणि शुल्क करारावर सही करण्याआधी वाकडेवाडीच्या जोग सेंटरमधल्या प्रादेशिक कार्यालयात विचारून घ्या. दुसरी, चाकण-शिक्रापूर रस्त्याला दलाल दाखवतो ती शेतजमीन. कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. औद्योगिक वापरासाठी कलम 63-1अ ची वाट आहे, पण तिला झोनची आणि मुदतीत वापर सुरू करण्याची अट आहे. सातबारा आणि झोन दाखला वकिलाने पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

एमआयडीसीचा नवा भूखंड हवा असेल तर ऑनलाइन अर्जासोबत प्रकल्प अहवाल, कंपनीचे कागद, बांधकामाचा आराखडा, पाणी-विजेची गरज आणि सांडपाण्याची माहिती द्यायची. भूखंड 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. पुढे प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि नंतर चालवण्याची संमती, अग्निशमन ना-हरकत, महावितरणची जोडणी, कारखाना परवाना हे नेहमीचं. यात 'मैत्री'चा खरा उपयोग होतो, फाईल कुठे थांबली ते कळतं. सवलतींचा हिशोब मात्र तालुक्याच्या वर्गावर असतो, अ पासून ड+ पर्यंत. पुण्याजवळचा विकसित पट्टा वरच्या वर्गात येत असल्याने मागास तालुक्यांइतकं अनुदान मिळत नाही. भागीदाराला आकडे दाखवताना हे आधीच सांगा.

नव्या कंपनीने नोंदणीनंतर 180 दिवसांत व्यवसाय सुरू केल्याचं आयएनसी-20ए हे घोषणापत्र भरायचं असतं. दरवर्षी 15 जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेला परकीय दायित्वं आणि मालमत्तेचं एफएलए विवरणपत्र द्यायचं, त्या वर्षी एक रुपयाही नवा आला नसला तरी. आणि परदेशी भागीदाराचा इंजिनिअर 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर येऊन तुमच्या पिंपळे सौदागरच्या फ्लॅटवर राहणार असेल, तर आल्यापासून 14 दिवसांत त्याची परदेशी नागरिक म्हणून नोंदणी, आणि घरमालक म्हणून त्याच्या मुक्कामाची माहिती (पूर्वीचा सी फॉर्म) तुम्ही 24 तासांत द्यायची.