स्वाक्षरीआधी कागद तपासावा

९ जानेवारी १९४२ रोजी मुष्टियुद्धाचा हेवीवेट जगज्जेता जो लुईस याने बडी बेअरला पहिल्याच फेरीत लोळवले, लढतीची कमाई अमेरिकी नौदलाच्या मदतनिधीला दिली आणि काही दिवसांतच तो लष्करात साधा शिपाई म्हणून भरती झाला. गणवेशातील त्याच्या स्वाक्षरीयुक्त छायाचित्रांना संग्राहकांमध्ये आजही मोठी मागणी आहे. विक्रेता सोबत अस्सलपणाचे प्रमाणपत्र देतो आणि ग्राहक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. १९९०च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये पकडलेल्या बनावट स्वाक्षऱ्यांनाही प्रमाणपत्रे जोडलेली होतीच.

त्यापेक्षा अंधाऱ्या खोलीत छायाचित्राची मागची बाजू अतिनील दिव्याखाली धरावी. १९५०च्या दशकापासून छायाचित्रांच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने सर्रास मिसळली जाऊ लागली. धुण्याच्या पावडरीमुळे पांढरा सदरा ज्या रसायनांनी उजळतो, त्याच कुळातली ही रसायने. त्यांतील स्टिलबिन वर्गाच्या रेणूंमध्ये एकाआड एक दुहेरी बंध असल्यामुळे काही इलेक्ट्रॉन रेणूभर पसरलेले असतात. सुमारे ३६० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शोषून इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो, थोडी ऊर्जा रेणूच्या कंपनांत गमावतो आणि काही अब्जांश सेकंदांतच खाली येताना उरलेली ऊर्जा प्रकाशरूपाने सोडतो. ऊर्जा घटल्यामुळे तरंगलांबी वाढते, सुमारे ४४० नॅनोमीटर होते, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या जागी लख्ख निळी झळाळी दिसते. १९४२च्या कागदात ही रसायने नसल्यामुळे तो मंद, पिवळसर दिसतो.

मात्र हा पुरावा एकतर्फी आहे. सगळा कागद निळा चमकला, तर ती प्रत युद्धकाळातली असण्याची शक्यता जवळपास संपते. पण तो चमकला नाही, म्हणून प्रत जुनीच असे ठरत नाही, कारण नंतरच्याही काही कागदांत ही रसायने नव्हती. शिवाय कागदाचे वय म्हणजे स्वाक्षरीचे वय नव्हे. भिंगाखाली तिरप्या प्रकाशात स्वाक्षरीच्या रेषेवर बॉलपेनने दाबून उमटलेली चर दिसली, तर १९४२चा दावा डळमळतो. न्यूयॉर्कच्या दुकानात बॉलपेन विक्रीला आले ते ऑक्टोबर १९४५ मध्ये. लुईस १९८१पर्यंत हयात होता, त्यामुळे छायाचित्र अस्सल, स्वाक्षरीही त्याचीच, पण ती युद्धानंतर पुष्कळ वर्षांनी केलेली, असेही असू शकते.