वर्क्स कमिटी आणि तक्रार निवारण समिती: कोणाला लागू, कागद कोणते, निवडणूक कशी

जळगाव, अवधान, नरडाणा, नवापूर इथल्या एमआयडीसीत एक गैरसमज सरसकट दिसतो. युनियन म्हणते, "शंभर कामगार झाले, आता वर्क्स कमिटी आपोआप लागू." मॅनेजमेंट म्हणते, "आमच्याकडे कॅन्टीन कमिटी आहे, तीच समजा." दोन्ही चूक. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये दोन वेगळ्या समित्या आहेत: वर्क्स कमिटी, म्हणजे कामाच्या जागेच्या सोयी-सुविधांवर मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी मिळून बोलतात ती, आणि तक्रार निवारण समिती, म्हणजे एकेका कामगाराची तक्रार ऐकणारी. त्यांचे दरवाजेही वेगळे आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

पात्रता

वर्क्स कमिटी कलम ३ मध्ये येते. १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला ती स्थापन करण्याचा आदेश सरकार काढू शकते. आदेश सर्वसाधारण असो वा खास, तो निघाल्याशिवाय सक्ती नाही. मालक आपखुशीने केव्हाही करू शकतो. मोजणी आजच्या हजेरीवर होत नाही. मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी शंभर भरले असतील तरी पुरते. खान्देशात याला फार महत्त्व आहे. जिनिंग-प्रेसिंग किंवा साखर कारखाना हंगामात भरलेला असतो आणि पावसाळ्यात रिकामा. जुलैचे मस्टर दाखवून "आमच्याकडे चाळीसच माणसे" म्हणणाऱ्याला हंगामातले मस्टर काढायला सांगा.

तक्रार निवारण समिती कलम ४ ची. २० कामगार झाले की ती हवीच, कोणाच्या आदेशाची वाट पाहायची नाही. डाळ मिल, ऑइल मिल, प्लॅस्टिक चटईचे छोटे युनिट यांना खरे तर हीच लागू पडते आणि हीच बहुतेक ठिकाणी नसते.

सुपरवायझरचे काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगार घेणारा या व्याख्येत कामगार नाही, म्हणून यादीत त्याला धरू नका. ठेकेदाराच्या माणसांना धरायचे की नाही, यावरून वाद ठरलेलाच. मतदार यादी लावण्याआधी कामगार कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्या.

पत्र कुठे द्यायचे? खासगी कारखाना, सहकारी साखर कारखाना, दीपनगरचे वीज केंद्र यांच्यासाठी राज्याचे कामगार कार्यालय. भुसावळची रेल्वे आणि वरणगावची आयुध निर्माणी केंद्राच्या कक्षेत. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज परत येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात.

आधी युनियनची स्थिती तपासा

महाराष्ट्रात ही पायरी सोडली की पुढचे सगळे अडते. कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१ खाली औद्योगिक न्यायालयाने एखाद्या संघाला मान्यता दिली असेल, तर कलम २० प्रमाणे वर्क्स कमिटीवर कामगारांचे प्रतिनिधी नेमण्याचा हक्क त्या संघाचाच. ती मान्यता मिळवायला ५० कामगारांचे आस्थापन आणि अर्जाच्या महिन्याआधीचे सलग सहा महिने ३० टक्के सदस्यता लागते. मान्यताप्राप्त संघ नसेल तर निवडणूक.

निवडणूक

नवे नियम राजपत्रात येतील तसे ते लागू होतील. तोवर केंद्राच्या १९५७ च्या औद्योगिक विवाद नियमांचा साचा डोळ्यांसमोर ठेवा आणि राज्याच्या नियमांतले आकडे कार्यालयातून ताडून घ्या.

वर्क्स कमिटीचे एकूण सदस्य २० पेक्षा जास्त नकोत. कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नकोत. मालकाने आपली माणसे शक्यतो कामाशी थेट संबंध असलेल्यांतून द्यावीत. एक्स्ट्रूडर लाइनचा इनचार्ज चालेल, मुंबईच्या ऑफिसातला अकाउंटंट कशाला?

पहिले पत्र मालकाकडून नोंदणीकृत युनियनला: सदस्य किती, कोणत्या खात्यात किती? युनियनने लेखी उत्तर द्यायचे. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, सदस्य नोंदवही आणि वर्गणीच्या पावत्यांची स्थळप्रत तयार ठेवावी. आकडा फुगवला की मालक तो सहायक कामगार आयुक्तांकडे पडताळणीला पाठवू शकतो, आणि युनियनची अडचण नेमकी तिथेच होते. वर्गणी रोख घेतलेली असते, पावती फाडलेलीच नसते. निम्म्याहून अधिक कामगार सदस्य असतील तर सगळ्यांचे एकत्र मतदान. तसे नसेल तर सदस्य आणि बिगरसदस्य यांचे गट वेगळे, जागा त्यांच्या प्रमाणात.

उमेदवार किमान १९ वर्षांचा आणि एक वर्ष नोकरीचा हवा. मतदार १८ वर्षांचा, सलग सहा महिने नोकरीचा. म्हणून यादीत नावापुढे जन्मतारीख, रुजू तारीख आणि खाते हे तीन रकाने असायलाच हवेत. वाद निघतो तो बहुधा रुजू तारखेवरून, कारण हंगामी माणसाला दर वर्षी नवे तिकीट नंबर देतात.

नामनिर्देशनाच्या शेवटच्या तारखेची सूचना किमान सात दिवस आधी लावा. अर्जावर उमेदवाराची आणि दोन मतदारांची सही. मतदान ही तारीख उलटल्यावर तीन दिवसांच्या आधी नाही आणि पंधरा दिवसांच्या पुढे नाही. रात्रपाळीला मत देता येईल अशी वेळ ठेवा. सकाळी दहा ते बारा ठेवली तर एक पाळी झोपेत असते. सूचना मराठीतच, आणि नंदुरबारकडच्या युनिटमध्ये मुकादमाकडून भिलोरीत वाचूनही घ्या. सूचनाफलकापाशी थांबून वाचणारे थोडेच.

अध्यक्ष मालक नेमतो, उपाध्यक्ष कामगार प्रतिनिधी निवडतात. सचिव एका बाजूचा असेल तर सहसचिव दुसऱ्या बाजूचा, आणि सचिवपद एकाच बाजूकडे लागोपाठ दोन वर्षे राहत नाही. मुदत दोन वर्षे. बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा, साधारणपणे कामाच्या वेळेत. परवानगीशिवाय लागोपाठ तीन बैठका चुकवणाऱ्याचे सदस्यत्व जाते.

बैठकीत काय घ्यायचे, काय नाही

१९५९ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या निमित्ताने तयार झालेली यादी अजूनही उपयोगी आहे. पिण्याचे पाणी, संडास, हवा-उजेड, कॅन्टीन, पाळणाघर, अपघात टाळण्याचे उपाय, सणांच्या सुट्ट्यांची अदलाबदल हे विषय कमिटीचे. पगार, बोनस, कामाचा बोजा, कामगार कपात, पीएफ, ग्रॅच्युइटी बाहेर. जळगावच्या मे महिन्यात मोल्डिंग खात्यातला एक्झॉस्ट फॅन हा कमिटीचा विषय आहे, आणि तो एका बैठकीत सुटू शकतो. कामाच्या बोजाला कमिटीने होकार दिला तरी तो कामगारांवर बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये नॉर्थब्रुक ज्यूट प्रकरणात म्हटले. तो करार युनियनशीच करावा लागतो.

इतिवृत्तात "विचार करू" लिहू नका. कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दोन रकाने रिकामे राहिले तर पुढच्या बैठकीत तोच विषय पुन्हा येतो.

तक्रार निवारण समितीचे घड्याळ

दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, एकूण दहापेक्षा जास्त नकोत. अध्यक्षपद वर्षाआड आलटून-पालटून. महिला सदस्यांचे प्रमाण कामगारांतील महिलांच्या प्रमाणापेक्षा कमी नको. पॅकिंगमध्ये सगळ्या बाया आणि समितीत सगळे पुरुष, असे चालणार नाही.

तक्रार घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज द्या आणि पोच घ्या. समितीला ३० दिवस. निर्णय बहुमताने होतो, पण कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक राजी नसतील तर निर्णय झालाच नाही असे धरतात. निर्णय मान्य नसेल किंवा मुदतीत निकाल लागला नसेल, तर तेव्हापासून ६० दिवसांत आपण सदस्य असलेल्या युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येते. निर्णयच झाला नसेल तर हे ६० दिवस ३० दिवस संपल्यापासून धरतात, म्हणून पोचेवर तारखेचा शिक्का नसेल तर पुढचा हिशेबच बसत नाही.