तुओल स्लेंग: शाळेचा तुरुंग, तुरुंगाचं संग्रहालय

पुण्यातून कंबोडियाला जाणाऱ्यांचं खरं आकर्षण अंकोरवाट असतं. राजधानी नॉम पेन्हमधलं तुओल स्लेंग संग्रहालय सहलीच्या कार्यक्रमात मध्येच कुठेतरी, अर्ध्या दिवसापुरतं येतं. तिथे पोचल्यावर दिसतात त्या तीन मजली इमारती, लांब व्हरांडे आणि मैदान. आपल्या सदाशिव पेठेतल्या कुठल्याही शाळेसारखंच. आणि ती शाळाच होती.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कंबोडियातल्या जहाल साम्यवादी संघटनेने नॉम पेन्ह घेतलं आणि काही दिवसांत अख्खं शहर रिकामं करून माणसांना शेतावर हाकललं. (त्याच जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी लागली आणि येरवडा मिसाबंद्यांनी भरलं. वर्ष एकच, पण तुलना तिथेच थांबते.) पुढच्या पावणेचार वर्षांत उपासमार, आजार, सक्तीची मजुरी आणि कत्तली यांत अंदाजे १५ ते २० लाख माणसं गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ८० लाखांच्या आसपास होती.

या शाळेचा ‘एस-२१’ नावाचा गुप्त तुरुंग झाला. त्याचा प्रमुख डुच हा पूर्वी गणिताचा शिक्षक. त्याच्या कारभारात प्रत्येक कैद्याचा फोटो निघे, छळ करून कबुलीजबाब लिहून घेतला जाई, आणि मग बहुतेकांना शहराबाहेर ‘चोएंग एक’ नावाच्या जागी नेऊन मारलं जाई. आत गेलेले बारा हजारांहून जास्त. जिवंत सुटलेले बोटांवर मोजण्याइतके. त्यांतले एक चित्रकार वान्न नाथ. ख्मेर रूजचा सर्वोच्च नेता पोल पॉट याची चित्रं काढायला उपयोगी पडतील म्हणून त्यांना ठेवलं होतं. एक गोष्ट गाईड घाईत सांगत नाहीत: इथे मारलेल्यांत मोठा भरणा ख्मेर रूजच्याच कार्यकर्त्यांचा आणि त्यांच्या बायकापोरांचा होता. राजवट आपल्याच लोकांवर संशय घेत सुटली होती.

संग्रहालय कुणी उभारलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी फौजा शहरात शिरल्या, ख्मेर रूजची सत्ता गेली, आणि वर्षभराच्या आतच माई लाम या व्हिएतनामी कर्नलने मांडणी हाती घेतली. पुरावा खरा होता, पण मांडणीमागे हेतूही होता. व्हिएतनामला आपली फौज तिथे का आहे हे जगाला पटवायचं होतं. शिवाय दोष ‘पोल पॉट टोळी’चा, साम्यवादाचा नव्हे, हेही ठसवायचं होतं. कवट्यांचा बनवलेला देशाचा नकाशा त्याच काळातला. तो २००२ मध्ये उतरवला.

जगाला ते फारसं पटलं नाही. संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची त्यानंतरही ख्मेर रूजकडेच राहिली. भारताने मात्र जुलै १९८० मध्ये व्हिएतनामने नॉम पेन्हमध्ये बसवलेल्या नव्या सरकारला मान्यता दिली, आणि तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधीच होत्या.

खटल्याला तीस वर्षं लागली. डुचला २०१० मध्ये शिक्षा झाली, २०१२ मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली. २०२० मध्ये तो मेला. पोल पॉट १९९८ मध्येच, आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर कधीही उभा न राहता गेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने तुओल स्लेंग आणि चोएंग एक यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. अंकोर त्या यादीत १९९२ पासूनच आहे.