गुडघा दुखतो, पण दुखतं नेमकं काय?

गुडघेदुखी असलेल्या माणसाला सकाळची पहिली चार पावलं सगळ्यात अवघड जातात. रात्रभर हालचाल नसल्याने सांधा आखडलेला असतो. चालायला लागलं की बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. दिवसभरात मग पुन्हा पुन्हा तेच होतं, एसटीतून उतरताना, पूजेला मांडी घालून बसल्यावर उठताना. आणि स्टेशनचा पूल चढण्यापेक्षा उतरताना जास्त कळ येते. उतरताना शरीराचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर तोलत हळूहळू खाली न्यावा लागतो. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते.

एक्स-रे पाहून डॉक्टर ‘गॅप कमी झाली आहे’ म्हणतात, म्हणजे झिजेमुळे गुडघ्यातल्या दोन हाडांमधलं अंतर कमी दिसतं. घरी पोहोचेपर्यंत त्याचं ‘वंगण संपलं’ होतं, आणि माणूस गुडघा जपायला लागतो. जिना बंद, बाजारात जाणं बंद, शेवटी लग्नकार्यही टाळायचं. मला झिजेपेक्षा या भीतीची जास्त काळजी वाटते.

हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात मज्जातंतूच नसतात. त्यामुळे ती स्वतः दुखू शकत नाही. दुखतं ते तिच्या खालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, भोवतालच्या ऊती. म्हणूनच एक्स-रेत भरपूर झीज दिसणारा एखादा आरामात हिंडतो आणि थोडीशी झीज असलेल्या दुसऱ्याला रात्र रात्र झोप लागत नाही. झोप मोडली की मज्जासंस्था जास्त संवेदनशील होते, आणि दुसऱ्या दिवशी तोच गुडघा अधिक ठणकतो. हे मनाचे खेळ नव्हेत. ती वेदना पूर्णपणे खरी असते.

कूर्चेला रक्तपुरवठाही नसतो. स्पंजसारखं तिच्यावर दाब पडला की द्रव बाहेर जातो, दाब सुटला की पोषण घेऊन आत येतो. म्हणजे चालणं हेच तिचं जेवण. चालणं थांबलं की मांडीचा स्नायू बारीक होतो, सांध्याला बसणारे हिसके कुणी झेलत नाही आणि दुखणं वाढतं.

झिजलेला गुडघा दुर्बिणीने ‘साफ’ करून घ्यावा का, असं अनेकजण विचारतात. अमेरिकेत ह्यूस्टनला 180 रुग्णांवर झालेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींच्या गुडघ्यावर नुसते छेद देऊन टाके घातले होते, आत काहीच केलं नव्हतं. दोन वर्षांनंतरही खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्यापेक्षा जास्त आराम पडलेला नव्हता.

वजनाचा हिशेब मात्र आशा देणारा आहे. वजन जास्त असलेल्या, गुडघा झिजलेल्या रुग्णांमध्ये एक किलो घटलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं मोजमापातून दिसलं आहे.

खुर्चीत बसून पाय सरळ करून धरणं, आधाराने उठबस करणं, सपाट रस्त्यावर चालणं, असा व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं, तर घाबरू नये. गुडघा अचानक लाल-गरम होऊन सुजला, सोबत ताप आला किंवा सांधा अडकला, तर मात्र लगेच दाखवावं.

काठी घ्यायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण ती घ्याच, आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. जिना चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा.