टोकं धरायची की सोडायची?

पान ३७ ते पान ६४ वाचले, तर एकूण पाने किती? शिष्यवृत्ती किंवा नवोदयची तयारी करणारी बरीच मुलं वजाबाकी करून २७ लिहून मोकळी होतात. पण ६४ मधून ३७ वजा केले की सदतिसावे पानही जाते, आणि ते तर वाचलेले आहे. वजा करायची ती न वाचलेली ३६ पाने. उत्तर २८. ‘शेवटची वजा पहिली, अधिक १’ हे सूत्र इथूनच येते. कारण न समजता पाठ केले, तर तो १ नको तिथेही चिकटतो.

‘२० ते ३०’ म्हटले की ११ संख्या. ‘२० आणि ३० यांच्या दरम्यान’ म्हटले की ९, कारण दोन्ही टोकं बाहेर.

वावराच्या कुंपणात हा घोळ जास्त होतो. १२० फुटांच्या धुऱ्यावर (बांधावर) टोकापासून टोकापर्यंत दर १० फुटांवर खांब रोवले, तर अंतरे १२ आणि खांब १३. आता वावर चौरस आहे, चारही धुरे १२० फुटांचे. १३ × ४ = ५२? नाही. कोपऱ्याचा प्रत्येक खांब दोनदा मोजला गेला, म्हणून ४८. घेर ४८० फूट, अंतरे ४८, खांबही ४८. फिरून आलो की शेवटचा खांब पहिलाच असतो.

कपाशीचे तास (ओळी) मोजताना तर धुरा किती सोडला तेही पाहावे लागते. रुंदी १२० फूट, दोन तासांत ४ फूट अंतर. दोन्ही धुऱ्यांपासून २-२ फूट सोडले तर ३० तास, ४-४ फूट सोडले तर २९. प्रश्नात हे सांगितलेले नसेल, तर तो प्रश्नच अर्धवट आहे.

सोमवारचा बाजार ‘आठ दिवसांनी’ भरतो असे आपण म्हणतो, ते दोन्ही सोमवार धरून. पेपरात मात्र तारखांतला फरक ७ च.

पटींनाही तोच नियम. १०५ ते ३०१ मध्ये ७ च्या पटी किती? १०५ ही पंधरावी, ३०१ ही त्रेचाळिसावी; ४३ − १५ + १ = २९.

क्रमागत संख्यांची बेरीज दिली असेल, तर आधी सरासरी काढा. पाच क्रमागत संख्यांची बेरीज १३५, तर मधली २७. म्हणजे २५ ते २९. चार क्रमागत सम संख्यांची बेरीज १०० असेल तर सरासरी २५. ही यादीत नसते, तिच्या दोन बाजूंना २४ आणि २६ बसतात: २२, २४, २६, २८. बेरीज ९६ दिली तर सरासरी २४ येते, आणि तिच्या दोन बाजूंना २३, २५. अशा चार सम संख्या नाहीतच. २१, २३, २५, २७ या विषम संख्या मात्र आहेत.